अर्धं दाबलेलं बटण

कॅमेरा रोज बरोबर ठेवायचा असेल तर तो लहान पाहिजे. मोठा कॅमेरा लग्नाला जातो, सहलीला जातो आणि उरलेले दिवस कपाटात झोपा काढतो. माझा मिररलेस म्हणतात त्यातला आहे. आत आरसा नाही, त्यामुळे डब्याच्या पिशवीत डब्याशेजारी मावतो. त्याला एकच बसकी लेन्स. मनगटात अडकवायचा पट्टा, कारण गळ्यात कॅमेरा लटकलेला दिसला की लोक पोट आत घेतात. बोटाला न बघता बटण सापडावं म्हणून त्यावर चिकटवलेली लाल टिकली. पुसायला मऊ फडकं, एक जास्तीचं कार्ड आणि दोन जास्तीच्या बॅटऱ्या. दोन कशाला, ते पुढे सांगतो. सांगायची लाज वाटते, तरी सांगतो.

मी महेश्वर, कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, राहायला मंगळवार पेठेत. वर्गात कुणी भुताखेताचा विषय काढला तर त्याला फळ्यापाशी बोलावून भिंगाची किरणाकृती काढायला लावतो. भूत तिथंच उतरतं.

कॉलेजला मी चालत जायचो. बाळीवेशीच्या कोपऱ्यावर एका बंद दुकानाच्या भिंतीला टेकून शरणम्मा बसायची. सत्तरीची बाई, समोर बुट्टी, बुट्टीत फडक्याखाली कडक भाकऱ्यांची चळत आणि स्टीलच्या डब्यात शेंगाचटणी. सगळे तिला अज्जी म्हणत, मीही म्हणायचो. कडक भाकरी गारच असते. भाजून, धगीवर वाळवून ठेवतात, मग ती महिनाभर टिकते. एकदा मी चेष्टेनं गरम मागितली तर म्हणाली, “गरम पायजे तर माज्या घरी ये की मास्तर. रस्त्यावर गारच.”

तीन वर्षांत मी तिचे दोनशेच्या वर फोटो काढले असतील. कॅमेरा कमरेपाशी धरायचा, पडदा वर वळवून त्यात बघायचं, म्हणजे समोरच्याला पत्ता लागत नाही. तिचे भेगाळलेले तळवे, भाकरीच्या कडेवरची बोटं, पाठीवरचा पदर. तोंड एकाही फोटोत नाही. चेहरा आला की फोटो ओळखपत्रासारखा होतो, हे आमच्या फोटोमंडळातलं पांडित्य. तिच्या हातांच्या फोटोला मंडळाच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. मी पेढे वाटले. तिला मात्र त्यातलं काही सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा उठून आठवडा झाला असेल, एका सोमवारी सकाळी तिनं मला थांबवलं.

“रोज एवढं काय काढतोस मास्तर? माजा एक सरळ फोटो काढ की. भिंतीला लावायला. मी गेल्यावर लेकीनं बघायचं काय?”

मी उत्तर द्यायच्या आत ती तयारीला लागली होती. पदर सारखा केला. कपाळावरची विभूती बोटानं नीट केली. गळ्यातलं इष्टलिंग पदराबाहेर घेतलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, हनुवटी वर केली आणि श्वास धरून बसली.

मी डोळा लावला. कॅमेऱ्यानं चेहरा ओळखला, तिच्या चेहऱ्याभोवती पांढरी चौकट आली. या कॅमेऱ्याचं बटण अर्धं दाबलं की तो नेम धरतो, चौकट हिरवी होते आणि टिटीट असा आवाज येतो. फोटो निघतो तो बटण पूर्ण दाबल्यावर. मी अर्धं दाबलं. चौकट हिरवी झाली. टिटीट झालं.

“काढला,” मी म्हणालो, आणि कॅमेरा खाली घेतला.

बॅटरीचा शेवटचा खण उरला होता आणि मला सिद्धेश्वराच्या तळ्यावरचं धुकं हवं होतं, असं मी पुढे स्वतःला सांगत राहिलो. त्या दिवसापासून दोन जास्तीच्या बॅटऱ्याही बाळगायला लागलो, जशी काही सगळी चूक बॅटरीचीच होती. पण एका फोटोनं कुठली बॅटरी संपते? मला तो फोटो काढायच्या लायकीचा वाटला नाही, एवढंच खरं.

अज्जीनं धरलेला श्वास सोडला. माझ्या नेहमीच्या चार भाकऱ्या कागदात बांधल्या आणि वर पाचवी ठेवली. “ही फोटोची,” ती म्हणाली.

मग दर सोमवारी पाचवी भाकरी. दर सोमवारी, “धुतलास का रं फोटो?” आणि माझं, “धुवायला टाकलाय अज्जी.” पुन्हा बस म्हणालो असतो तर पहिला काढलाच नव्हता हे कळलं असतं. म्हणून नाही म्हणालो. भाकरी नको म्हणालो असतो तर तिनं कारण विचारलं असतं. म्हणून खात राहिलो. त्या टिटीटचीच पुढे शरम वाटायला लागली, तेव्हा मेनूत जाऊन आवाज कायमचा बंद केला. फोटो मुकाट निघायला लागले आणि मंडळात सगळे म्हणाले, आता तुझ्या फोटोंना सहजपणा आलाय.

यंदा मार्चअखेरीला पेपर तपासायच्या गडबडीत आठवडाभर त्या वाटेनं गेलो नव्हतो. त्यानंतरच्या सोमवारी गेलो तर कोपरा रिकामा होता. घडी घातलेलं पोतं तेवढं भिंतीशी पडलेलं. पोत्यावर तिरपं ऊन आलं होतं, छान होतं, म्हणून मी कॅमेरा डोळ्याला लावला.

भिंतीवर पांढरी चौकट आली. पोत्याच्या वर हात-दीड हात, बसलेल्या माणसाचं तोंड असतं तिथं.

भिंतीवर दोन डाग आणि खाली एक भेग असली की यंत्राला चेहरा वाटतो. हे मी मुलांना शिकवतो. मी जवळ जाऊन भिंत बघितली. भिंतीला नुकताच चुना दिलेला होता, डाग कुठेच नव्हता. परत मागं येऊन डोळा लावला. चौकट होती तिथंच होती, आणि मी बटणाला हात लावायच्या आत ती हिरवी झाली.

“तुमीच का फोटोवाले मास्तर?”

मागं चाळिशीची एक बाई उभी होती. डोळे सुजलेले, पायात चप्पल नाही.

“मी शिवलीला. शरणम्माची लेक. आई पहाटे गेली सर.”

मी कॅमेरा खाली घेतला.

“दुपारी तिला मातीला न्यायचं विमान निघायचंय. पुढं लावायला फोटो पायजे. आधारकार्डावरचा काय वळखू येत न्हाय. आई सगळ्या गल्लीला सांगून ठेवायची, माजा फोटो मास्तरकडं हाय, मेल्यावर त्याच्याकडनं घ्या म्हणून.” ती थांबली. “हाय न्हवं?”

नाही, मी काढलाच नव्हता, एवढं एक वाक्य होतं. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. त्याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती.

“जुन्या कार्डात असेल, शोधावा लागेल,” मी म्हणालो. “पण कॅमेरा आहे बरोबर. आत्ता घरी येऊन एक काढतो.”

घर मागच्याच बोळात होतं, एका खोलीचं. आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की आडवं करत नाहीत, बसवतात. बसवूनच सजवलेल्या विमानातून नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. अज्जीला समोरच्या भिंतीशी बसवलं होतं. छातीवरून घेतलेली पांढरी पट्टी भिंतीतल्या दोन खिळ्यांना बांधली होती. कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचे हार, डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर. त्या सोमवारी बसली होती अगदी तशीच. बायका कानडीतून भजन म्हणत होत्या. उदबत्तीच्या वासात भाजलेल्या शेंगांचा वास मिसळला होता. कोपऱ्यात तिची बुट्टी झाकून ठेवलेली होती.

शिवलीलाचा नवरा कल्लप्पा पुढं झाला. त्यानं दारातल्या बायकांना बाजूला सारून उजेड मोकळा केला. “या सर. चांगला येऊ द्या.”

मी गुडघ्यावर बसलो, पट्टा मनगटात अडकवला, डोळा लावला. पांढरी चौकट तिच्या चेहऱ्यावर आली. मी बटणावर बोट टेकवलं.

टिटीट.

आवाज बंद करून दोन वर्षं झाली होती. भजन मध्येच थांबलं.

मी बटण पूर्ण दाबलं. ते खालपर्यंत गेलं. फोटो निघाला नाही.

पुन्हा दाबलं. टिटीट.

बॅटरी बदलली. टिटीट. कार्ड बदललं. लेन्सचं कडं हातानं फिरवलं. टिटीट. चौकट हिरवीगार, बटण पार तळाला, आणि फोटो निघत नव्हता. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. खोलीतली पंधरा-वीस माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मला राहून राहून वाटत होतं की समोर कुणीतरी श्वास धरून बसलंय आणि मी तो सोडू देत नाहीये.

“झाला का सर?” कल्लप्पानं हळूच विचारलं.

“काढला,” मी म्हणालो.

बोळाच्या तोंडाशी येऊन मी नळाचा फोटो काढला, निघाला. कुणाच्या तरी चपलेचा काढला, तोही मुकाट निघाला. मेनू उघडला तर आवाज बंदच होता. बॅटरीच्या पत्र्यावर ओल धरली असेल, असं मी मोठ्यानं म्हणालो. दुपारी त्यांचा कुणी निरोप घेऊन येईल म्हणून घराला बाहेरून कुलूप लावून मी मित्राकडे जाऊन बसलो. अज्जीचं विमान फोटोशिवाय गेलं.

पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. सांगायला गेलो होतो. वाटेत वाक्य पाठ केलं होतं: मी तुमच्या आईला फसवलं, आणि त्या दिवशी तुम्हालाही. त्यांनी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

शिवलीला दारातच होती. “या सर,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “फोटो लई चांगला आलाय.”

“कुठला फोटो?”

“असं काय करता? आईच्या बुट्टीत होता, फडक्याखाली. तुमी तिला दिलावता की. आमाला बोललीच न्हाय ती. उगं तुमाला तरास दिला त्या दिवशी.”

भिंतीत त्या दोन खिळ्यांच्या मधे फोटो टांगला होता.

बाळीवेशीची भिंत. बुट्टी. सारखा केलेला पदर, पदराबाहेर घेतलेलं लिंग, गुडघ्यांवर हात. कोपऱ्यात एका लाल स्कूटरचं अर्धं चाक. त्या सकाळी ती मागून गेली होती हे मला तो फोटो बघताना आठवलं. कागदाला तेलाचा डाग होता. चौकटीबाहेर एक बोट जास्त नाही, एक बोट कमी नाही, त्या दिवशी मला जेवढं दिसलं तेवढंच.

“ही तेवढी काय हाय सर?” शिवलीलानं काचेवर बोट ठेवलं. “काचवाला म्हनला, न्हाय निघत.”

अज्जीच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट होती.

ती चौकट फोटोत कधीच उमटत नाही. ती फक्त डोळा लावून बसलेल्याला दिसते. बटण पूर्ण दाबलं की जाते.

मी आणखी जवळ गेलो. त्या दिवशी तिची हनुवटी वर होती, हसू ओठांपर्यंत आलेलं होतं. फोटोत खांदे उतरले होते. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. डोळे उघडे होते, आत गेलेले, आणि सरळ माझ्याकडे बघत होते.

“दमल्यावानी दिसती न्हवं?” शिवलीला म्हणाली. “लई वेळ बसवून ठेवलंवतं काय हो तिला?”

“दोन वर्षं,” मी म्हणालो.

पाठ केलेलं वाक्य पुढे आलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, आत गेली आणि कागदात बांधलेलं पुडकं घेऊन आली.

“आईच्या हातच्या. ती गेल्यापासनं घरात चूल पेटली न्हाय, जेवण भाऊबंदांकडनं येतंय. ह्या बुट्टीतच ऱ्हायल्यावत्या. चार तुमच्या, आन वरची एक ती तुमाला नेमानं द्यायची म्हनं. फोटोची.”

नको म्हणायला तोंड उघडलं, पण दोन वर्षांची सवय होती, हात पुढं झाला.

बोळातून बाहेर येऊन मी पुडकं सोडलं. खालच्या चार भाकऱ्या नेहमीसारख्या गार आणि कडक होत्या.

पाचवी मऊ होती. हाताला चटका बसेल एवढी गरम होती.