खालच्या मजल्यावरचा खर्ज

डोक्यावर पिवळं हेल्मेट, पाठीवर सामानाने फुगलेली पिशवी आणि पाय अनवाणी — अशा अवतारात मी शुगोला पहिल्यांदा भेटले. भर दुपारी, भर रस्त्यात, भुरभुर पावसात.

गादीखालून तो ओळखीचा घुमारा आला होता. कपाटातल्या वाट्या किणकिणल्या, आणि मग पायांनी माझी परवानगीच घेतली नाही. वाजिमाच्या भूकंपात आमचं घर डोळ्यांदेखत खाली बसलं, तेव्हापासून फोनवरच्या इशाऱ्यासाठी थांबायचं नाही एवढं ते शिकले होते.

रस्त्यावर मात्र कुणीच पळत नव्हतं. मासेवाला शांतपणे बर्फ फोडत होता. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर, दुकानाच्या दारात, भुशाने माखलेला एक उंच मुलगा रेकॉर्डचं पाकीट हातात घेऊन उभा होता.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“भूकंप! बाहेर या ना!”

त्याने माझं हेल्मेट पाहिलं, मग माझे पाय. त्याचे कान लालभडक झाले.

“तो... तो मीच होतो,” तो म्हणाला.

तो स्पीकरच्या लाकडी पेट्या बनवायचा. इथल्या, ताकाओकातल्या कॉफीच्या दुकानांसाठी, रेकॉर्ड जमवणाऱ्या हौशी आजोबांसाठी. नवी पेटी वाजवून बघत होता, आणि वर कुणी राहायला आलंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मिठाईचा डबा घेऊन दारात कमरेत वाकून उभा राहिला.

“माफ करा, कानाएसान.”

“तुमची चूक नाही. पण मी खोली सोडतेय. नागोयाला भाऊ आहे, आई तिथेच असते. तोही कधीचा ये म्हणतोय.”

भूकंपानंतरचं हे माझं चौथं घर. मला पुन्हा पळायचं नव्हतं. आता पळाले तर जन्मभर पळतच राहीन, याची मला खरी भीती होती. पण ज्या घराची जमीन अशी गुरगुरते, तिथे झोपायचं तरी कसं?

“थोडे दिवस द्या मला,” तो म्हणाला. “आवाज नेमका कुठे येतो ते आधी बघू द्या.”

खाली रेकॉर्ड लावून तो वर आला. “दार उघडं ठेवा हं!” घरमालकीण होरिए आजी जिन्यातून ओरडल्या. तो माझ्या गादीपाशी बसला. गादी मी मुद्दाम कोपऱ्यात ढकलली होती, दोन बाजूंना भिंत असली की जरा धीर येतो म्हणून. मग तो उठून खोलीच्या मध्यभागी गेला, आणि हसला.

“इकडे या. ऐका.”

मी गेले. तिथे जवळजवळ काहीच नव्हतं... तीच रेकॉर्ड, तोच आवाज, पण घुमारा गायब.

“खर्ज कोपऱ्यात साठतो. खाली माझ्या पेट्याही कोपऱ्यातच, भिंतीला टेकलेल्या. वर तुमची उशी कोपऱ्यात. म्हणजे सगळाच दणका तुमच्या कानाशी.”

“म्हणजे मी शोधून शोधून सगळ्यात भीतीदायक जागी झोपते?”

“कौशल्यच म्हणायचं ते,” तो म्हणाला, आणि पुन्हा त्याचे कान लाल झाले.

मी त्याच्यासोबत खाली गेले. त्याने पेट्या भिंतीपासून पुढे ओढल्या आणि त्यांच्याखाली जाड दगडी फरश्या सरकवल्या. पेटीच्या पुढच्या बाजूला एक गोल भोक होतं. भोकामुळे आवाज भरदार होतो, पण जास्त झाला की एकच सूर फुगत राहतो, असं म्हणत त्याने खिशातून मोजा काढून त्यात कोंबला.

“धुतलेला आहे,” तो घाईघाईने म्हणाला.

तरीही काहीतरी उरलं होतं. त्याला ऐकू येत नव्हतं. मला ऐकू येत होतं असंही नाही, पण पायांना कळत होतं. मी पेटीच्या मागच्या फळीवर तळहात ठेवला आणि सरकवत नेला.

“इथे. थरथरतंय.”

“कुठे?”

मी त्याचा हात धरून तिथे ठेवला. त्याने तो बराच वेळ काढला नाही... मीही नाही.

“तुम्हाला कसं कळलं?”

“घाबरटांना कळतं.”

त्याने फळी उघडली, आतून एक आडवी पट्टी ठोकली, आणि रेकॉर्ड पुन्हा लावली. तार छेडली गेली, खोल आवाज आला, आणि संपला. नुसता संपला. मागे काही घुमलं नाही.

“चांगला खर्ज वेळेवर थांबतो,” शुगो म्हणाला.

माझे डोळे भरून आले. त्या दिवशी वाजिमात मला सगळ्यात भीती वाटली होती ती हीच — की हे आता थांबणारच नाही.

मग प्रत्येक नव्या पेटीला माझा तळहात लागू लागला. “पेट्या तपासायला जातेस की पेटीवाल्याला?” आजी चिडवायच्या. मी हसायचे, आणि आतून घाबरायचे. मनातलं बोलून टाकलं आणि तेही घरासारखं खाली बसलं तर? भरलेली पिशवी अजून दारापाशीच होती. भावाला रविवारपर्यंत उत्तर हवं होतं.

रविवारी दुपारी मी मुळा सोलत बसले होते. खालून घुमारा आला. वाट्या किणकिणल्या. मी मान हलवली. थांबतच नव्हता मेला... पट्टी विसरला वाटतं! मी टाच जमिनीवर आपटली.

“शुगोसान, ही पेटी बिघडलीय!”

जिन्यात धाडधाड पावलं वाजली. दार उघडलं. डोक्यावर हेल्मेट, पाय अनवाणी, चेहरा पांढराफटक.

“भूकंप! कानाए, चल, बाहेर—”

“मला... मला वाटलं तुम्हीच!”

तोवर जमीन शांत झाली होती. धक्का इतका लहान, की फोनसुद्धा वाजला नाही. शुगो दारातच मटकन खाली बसला.

“रस्त्यावर का नाही पळालात?”

“पळालो होतो. अर्ध्यातून फिरलो. तू वर एकटी...”

हा खराच होता, हे मला तेव्हा कळलं. भीती उशिरा आली, पण सगळी आली. मी त्याच्याशेजारी बसले आणि त्याच्या पाठीवर तळहात ठेवला.

“इथे थरथरतंय.”

“माहीत आहे.”

“आडवी पट्टी लागेल.”

“घाल ना,” तो पुटपुटला. “पण नागोयाला जाताना काढून नेणार असशील, तर नको.”

मी हात त्याच्या पाठीवरून पलीकडच्या खांद्यापर्यंत नेला, आणि घट्ट धरला. त्याची थरथर थांबायला वेळ लागला. माझीही.

मग मी दारापाशी गेले. वाजिमापासून एकदाही न उघडलेली पिशवी उघडली, तळातून लोकरी मोजे काढले आणि त्याच्या मांडीवर टाकले.

“घाल. पाय गारठलेत तुझे. आणि भोकात कोंबू नकोस.”

तो मोज्यांकडे बघत राहिला, मग उघड्या पिशवीकडे. “आणि हेल्मेट?”

“ते असू दे दारापाशीच,” मी म्हणाले. “तुझं आणि माझं, दोन्ही.”