हसण्याची शिट्टी

गर्दीच्या बसमध्ये त्याने हाताला धरून तिला आपली जागा दिली. ती मनापासून "थँक्यू" म्हणाली, तर तो गडबडलाच.

"रागावू नका मॅडम… हात धरला, चुकलं माझं."

आता काय बोलायचं याला! त्रिशला जन्मापासून अंध. लहानपणी खुदकन हसायची म्हणे. पण दुसऱ्याचं हसू कधी दिसलंच नाही, तेव्हा मोठेपणी चेहरा हळूहळू कोरा पडत गेला. आत आनंद मावेना झाला तरी बाहेर पत्ता नाही. नुकतंच एका मुलाखतीत तिला सांगितलं होतं, चेहऱ्यावर उत्साह दिसत नाही. काउंटरची नोकरी तेवढ्यावर गेली.

म्हणून तर ती अंधांच्या एका संस्थेत हसायला शिकायला निघाली होती. आणि तिथं नवं यंत्र घेऊन कोण यावं? तोच बसमधला आवाज! नाव त्याचं अनेकांत. शिरोलीच्या एमआयडीसीत यंत्रं जुळवायचा, हेही त्यानंच बनवलेलं. गालांवर आणि डोळ्यांच्या कडेला चकत्या चिकटवायच्या. नुसते गाल हलले तर यंत्र गुणगुणायचं. हसू डोळ्यांपर्यंत पोचलं की खणखणीत शिट्टी.

पहिले पंधरा दिवस नुसती गुणगुण. "दात दुखल्यागत दिसतंय," असं तो तोंडावर सांगायचा. ती चिडायची, भांडायची, आणि त्याच्या यायच्या बुधवार-शनिवारची वाट बघायची. तिसऱ्या महिन्यात शिट्टी वाजली. पुढच्या मुलाखतीत नोकरीही लागली… पण पार लांब, नेसरीला.

आता त्रिशलाच्या जिवाला एकच घोर. हा यंत्रासाठी येतो की माझ्यासाठी? आवाजावरून कळेल म्हणाल, तर गड्याचा आवाज म्हणजे कमालच. "चहा घेणार काय" आणि "आज्जी गेली" एकाच सुरात. चेहरा तर तिला दिसत नव्हता.

शेवटच्या शनिवारी तिनं चकत्या उचलल्या.

"आज तुम्ही लावायच्या."

"मी कशाला? मला येतंय की हसायला…"

तिनं ऐकलं नाही. चाचपत त्याचे गाल शोधले. दाढीचे खुंट बोटांना टोचले, तसा तो श्वास घ्यायचा थांबला.

"सोमवारी नेसरीला जातो मी," ती म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी 'जातो-येतो'च म्हणतात, त्याला इलाज नाही. "नोकरी लागली."

"बरं झालं की."

यंत्र गप्प. गुणगुणसुद्धा नाही. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, अहो, चांगली बातमी ऐकून याला हसू का येऊ नये?

"दर शनिवारी परत येणार हाय…"

शिट्टी! अशी वाजली की बाहेरच्या शिपाईमामांनी दारातून डोकावून पाहिलं.

"बिघडलंय वाटतं," तो बटण शोधत पुटपुटला.

"कुणी बनवलंय?"

"…मीच."

"मग बिघडलं न्हाय. मला आवडतोस तू, अनेकांत."

त्यानं बटण शोधायचं सोडलं. यंत्र तर थांबायचं नाव घेईना. मग तो हळूच म्हणाला, "त्रिशला… तू हसालीस. चकत्या न्हाईत, तरी."

"रागावल्यागत दिसतंय काय?"

"न्हाय," तो म्हणाला. आणि मग त्याच त्या रुक्ष सुरात, "शनिवारी स्टँडवर येऊ काय न्यायला?"

"ये की," ती म्हणाली. शिट्टी अजून चालूच होती.