तीनदाच आठवलेलं

पडद्यावरची रेघ तिसऱ्यांदाही सपाटच आली. डॉ. यशोधरा रणपिसेने यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं, आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"यंत्रात दोष नाही," शेजारून डॉ. रूबेन ऑल्सन म्हणाले. "तिथे मूळ काही उरलेलंच नाही."

काचेपलीकडे श्याऐंशी वर्षांच्या अर्लीन पेटवे स्तरमापकाची टोपी घालून बसल्या होत्या. चर्चला जावं तशा नटून आल्या होत्या. स्वतःची निळी हॅट त्यांनी मांडीवर जपून धरली होती, आणि हॅट चुरगळणार तर नाही ना, एवढीच काळजी त्यांच्या चेहऱ्यावर होती.

अलाबामा राज्यात त्यांना ओळखत नाही असा माणूस विरळा. १९६२ साली हॅझलविल नावाच्या गावात नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव होता, फक्त गोऱ्यांसाठी. तो सर्वांना खुला करा, असा कोर्टाचा हुकूम आला, तेव्हा गावकारभाऱ्यांनी तलाव सिमेंट ओतून बुजवून टाकला. नऊ वर्षांची अर्लीन कुंपणाची जाळी धरून ते बघत होती. पुढे साठ वर्षं ती गोष्ट त्यांनी शाळांतून, चर्चमधून, निवडणुकांच्या सभांतून सांगितली.

आणि आता, २०३९ साली, राज्याच्या विधिमंडळात एक विधेयक आलं होतं. सार्वजनिक तलाव आणि बागा सभासद-संस्थांच्या ताब्यात द्यायच्या; सभासद कोण, हे संस्था ठरवणार. विरोधक म्हणाले, जिम क्रो परत आला. वर्णभेदाच्या जुन्या कायद्यांना तिकडे हेच नाव आहे. पुरावा म्हणून त्यांनी अर्लीनबाईंचं कुंपणाचं भाषण दाखवलं. विधेयकवाले चिडले. तो शब्द असा उठसूट वापरणं म्हणजे ज्यांनी खरोखर सोसलं त्यांचा अपमान आहे, असं ते म्हणाले, आणि त्यांनीही अर्लीनबाईंचंच दुसरं भाषण दाखवलं. त्यात त्या म्हणत होत्या, "माझ्या नाती आज हव्या तिथे पोहतात. आपण फार पुढे आलोय." एका बाईचे दोन तुकडे करून दोन्ही बाजू महिनाभर एकमेकांवर फेकत राहिल्या. शेवटी समितीने ठरवलं, बाईंची आठवणच तपासून घेऊ.

समितीचे वकील ग्रेडी हॉब्स भिंतीला टेकून उभे होते. "सपाट म्हणजे काय? मला समजेल असं सांगा."

"आठवण काढली की ती मेंदूत मऊ पडते," यशोधरा म्हणाली. "काही तास मऊ राहते आणि पुन्हा घट्ट होते. याला आम्ही पुनर्बंधन म्हणतो. पण घट्ट होते ती मूळच्या रूपात नाही. या वेळी जशी सांगितली, तशी. दर वेळी एक नवा स्तर चढतो आणि खालचा झिजतो. झाडाच्या खोडातली वर्षं मोजावीत, तसे हे स्तर आमचं यंत्र मोजतं, आणि मूळ शाबूत असेल तर चित्र-आवाजासकट त्याची नोंदही काढतं."

"बाईंचे किती?"

"कुंपणाच्या आठवणीचे चार हजार दोनशेच्या आसपास."

"म्हणजे त्या खोटं बोलतात?"

"नाही!" यशोधराचा आवाज तिला नको होता तेवढा चढला. "त्या तिथे होत्या. वर्तमानपत्रात फोटो आहे. पण त्या दिवसाचा उकाडा, वास, हाताला रुतलेली जाळी, यातलं काही आता त्यांच्यापाशी नाही. त्यांना आठवतं ते त्यांचं भाषण."

तिला हे शास्त्राच्या आधीपासून माहीत होतं. परभणीकडच्या खेड्यात तिच्या वडिलांना लहानपणी ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. ते दरवर्षी जयंतीच्या सभेत ही गोष्ट सांगायचे आणि लोक डोळे पुसायचे. एकदा घरी तिने विचारलं होतं, "बाबा, ते पाणी गार होतं का हो?" वडिलांनी सभेतलंच वाक्य पुन्हा म्हटलं. ती या विषयाकडे का वळली, असं कुणी विचारलं तर ती हे कधीच सांगत नसे.

"हे असं समितीपुढे ठेवलं तर एक बाजू म्हणेल म्हातारी खोटारडी, आणि दुसरी म्हणेल यंत्र वर्णद्वेष्टं," हॉब्स म्हणाले. "त्या उन्हाळ्यातलं शाबूत असं काहीच नाही?"

रूबेनने यशोधराकडे पाहिलं. तिने मान हलवून नको म्हटलं, पण ते बोलून गेले. "एक आहे. तलाव बुजवला त्याच आठवड्यातलं. स्तर फक्त तीन."

"सत्त्याहत्तर वर्षांत तीनदाच आठवलं?"

"हो. जसंच्या तसं असणार."

"मग तेच वाचा."

"वाचायचं तर त्यांना ते आठवावं लागेल," यशोधरा म्हणाली, "आणि या वयात मेंदूत पुनर्बंधनाची द्रव्यं पुरेशी तयार होत नाहीत. रोजच्या आठवणी टिकतात, कारण त्यांना दहा ठिकाणांहून आधार असतो. हिला कशाचाच आधार नाही. एकदा उघडली की ती मिटणार नाही, विरून जाईल. तिच्यावर जे जे टांगलेलं असेल, नावं, चेहरे, तेही जाईल. नोंद आपल्याकडे राहील, त्यांच्याकडे नाही."

हॉब्सनी काचेकडे बोट दाखवलं. "निर्णय त्यांचा आहे, डॉक्टर. त्यांना विचारा."

यशोधरा आत गेली आणि खुर्ची ओढून समोर बसली. तिने सगळं सांगितलं, काहीही मऊ न करता. अर्लीनबाई ऐकत राहिल्या.

"कुठली आठवण, ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ते—"

"बोलू नका, मिस अर्लीन. नुसतं सांगितलंत तरी ती उघडेल."

त्यांनी ओठ मिटले. त्या हॅटच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"तुला एक सांगते, पोरी. ते मनात यायला लागलं ना, की मी कुंपणाची गोष्ट सांगायला लागायचे. बस थांब्यावर कुणी भेटलं तरी सांगायचे. लोकांना वाटायचं, अर्लीनला लढायची हौस आहे."

"मग आताही नाही म्हणा. कुणी जबरदस्ती करू शकत नाही."

"सिमेंटने कुणी मरत नाही," अर्लीनबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मी त्यांना सिमेंटची गोष्ट सांगितली. म्हणून ते टाळ्या वाजवून घरी जातात. आमच्या भागात आता एकच फुकट तलाव उरलाय. तोही गेला तर पोरं कुठे जातील, ते मला माहीत आहे. त्यांना माहीत नाही."

"पण तुमच्याकडे काही उरणार नाही."

"किती वेळ मऊ राहते म्हणालीस?"

"पाच-सहा तास."

"तेवढे तास मला दे. कुणाला आत येऊ देऊ नकोस."

नोंद अकरा मिनिटांची निघाली. चित्र पुसट होतं, आवाज मात्र लख्ख. गावाबाहेरची दगडाची खाण. खड्ड्यात साचलेलं हिरवं पाणी. सहा वर्षांचा मुलगा विचारत होता, आपल्याला तलाव का नाही, आणि मुलीचा आवाज म्हणत होता, नसू दे, मी तुला याहून मोठा दाखवते. मग मुलगा म्हणाला, "अर्लीन, मी बुडी मारतो. तू मोज." ती मोजू लागली. तीस. चाळीस. साठाच्या पुढे ती हसत होती, कारण धाकटा भाऊ थर्मन जिंकत होता. ती शंभरापर्यंत मोजत राहिली.

रूबेनने कानावरचं यंत्र काढून ठेवलं आणि ते खोलीबाहेर निघून गेले.

त्या दुपारी प्रयोगशाळेच्या अंगणात अर्लीनबाई थर्मनबद्दल बोलत राहिल्या. आईने त्याचे सगळे फोटो जाळले होते आणि घरात त्याचं नाव घ्यायची बंदी केली होती. म्हणून आता पहिल्यांदाच नाव घेताना त्या ते दोनदा, तीनदा घेत. त्याला मक्याची भाकरी काकवीसारख्या मोलॅसिसबरोबर लागायची. झोपेत तो तिचा कान धरून ठेवायचा. यशोधरा लिहून घेत होती. मधूनच त्या रडत, मधूनच इतक्या मोकळ्या हसत की बाकावरचे विद्यार्थी वळून बघत. चारच्या सुमाराला वाक्यं तुटू लागली.

"तो कान... कुणाचा कान धरायचा?"

"तुमचा, मिस अर्लीन."

"हो का?" त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी हॅट डोक्यावर घातली. "छान बसलो होतो आपण. मी काय सांगत होते?"

नोंद समितीपुढे वाजली तेव्हा सभागृहात कुणी हललं नाही. यशोधराला वाटलं, झालं, आता यावर बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बाजू बोलत होत्या. विरोधकांच्या फलकांवर थर्मन होता, नोंदीतल्या पुसट चेहऱ्यावरून नीट रेखाटून काढलेला. खाली लिहिलं होतं, याला पुन्हा बुडवू नका. दोन दिवसांनी तोच चेहरा विधेयकवाल्यांच्या पत्रकावर आला. त्यांचा प्रश्न साधा होता: मूल का बुडालं? पाण्यावर पहारा नव्हता म्हणून. पहारेकरी कोण ठेवू शकतं? सभासद-संस्था. म्हणजे हे विधेयक मंजूर करणं हीच थर्मनला खरी श्रद्धांजली.

"खाणीवर तो गेला कशाला, हे कुणी विचारतच नाही!" यशोधरा हॉब्सना फोनवर म्हणाली.

"विचारतात ना," हॉब्स थकलेल्या आवाजात म्हणाले. "दोघंही विचारतात. दोघांकडे उत्तर तयार आहे."

विधेयक दोन मतांनी मंजूर झालं. त्याला नाव दिलं गेलं, थर्मन पेटवे बाल-जलसुरक्षा कायदा. अर्लीनबाईंच्या भागातला तलाव पहिल्याच यादीत होता.

सहीच्या समारंभाला त्यांना मानाने बोलावलं होतं. यशोधरा सोबत गेली. नोंद तिने त्यांना त्याआधी दोनदा ऐकवली होती. दोन्ही वेळा त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला होता, पण शेजारच्या घरात कुणी गेलं की लावतात तसा. हा तुमचा भाऊ, असं सांगितल्यावर त्या समजूतदारपणे मान हलवत, आणि थोड्या वेळाने ते निसटून जाई.

गव्हर्नरांच्या मागे थर्मनचा चेहरा छतापर्यंत उंच लावला होता. बाहेर निदर्शकांच्या हातांतही तोच चेहरा होता, आणि त्यांच्या घोषणा बंद खिडक्यांतून अंधूक ऐकू येत होत्या. ध्वनिक्षेपकावरून "थर्मनची लहानपणापासूनची सोबतीण, त्याची बहीण" असा उल्लेख झाला. सगळे उठून उभे राहिले. अर्लीनबाईही उठल्या, सवयीने हात उंचावला, टाळ्या थांबेपर्यंत उभ्या राहिल्या.

बसल्यावर त्या यशोधराकडे झुकल्या.

"यांची काहीतरी गल्लत झाली आहे," त्या हळूच म्हणाल्या. "मी आपली उभी राहिले, त्यांचा विरस नको म्हणून. पण हे बरं नाही. त्या पोराची खरी बहीण असेल ना कुठेतरी? तिला बोलवायला हवं होतं."

यशोधराने त्यांचा हात हातात घेतला. तो कोरडा आणि हलका होता.

"बोलावलं होतं, मिस अर्लीन. ती आली आहे."

"आली आहे?" अर्लीनबाईंचा चेहरा उजळला. हॅट सावरत त्या वळल्या आणि मागच्या रांगांमधून एकेक चेहरा निरखून बघू लागल्या.