धाब्यावरचं दार

"पालिकेवाली आली गं!"

सुरतेतल्या भेस्तानच्या त्या गल्लीत कुणीतरी आरोळी ठोकली आणि बघता बघता सगळी गल्ली दारात आली. ज्यांनी आपले ओटे गुपचूप रस्त्यात पुढे ओढले होते, त्यांनी त्यावर घाईघाईने गोधड्या अंथरल्या. एकीने तर ओटा झाकायला चक्क सासूला आणून बसवलं. आणि बिचारी मयुरी एका हातात मोबाईल, दुसऱ्यात एक जुना फोटो धरून मध्यभागी उभी...

"फोटो कशाचा काढते? कुणाचं घर पाडणार?"

"अहो, मी पालिकेची नाही. माझ्या आजोबांनी ही घरं..."

"मग आजोबाला घेऊन ये!"

मयुरी रडायच्या बेतात होती. आजोबांना कुठून आणणार? त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

"अरे काकी, शांती राखो ने!" चहाच्या टपरीकडून आवाज आला. "पालिकेवाले कधी असे एकटे येतात का? आणि इतक्या घाबरलेल्या चेहऱ्याने?"

मयुरीने वळून पाहिलं. उंच, सडपातळ मुलगा, डोळ्यांत मिस्कील हसू. आणि मनगटापर्यंत दोन्ही हात पोपटी, शर्टावरही पोपटी डाग!

"तुमचे हात..."

"आज मिलमध्ये पोपटीचा दिवस होता. काल आला असतात तर राणी कलर दिसला असता," तो म्हणाला. "दाखवा बघू फोटो."

तिने आजोबांच्या कपाटात सापडलेला त्या घरांचा फोटो पुढे केला. त्याने तो कडेने, अगदी दोन नखांत धरला, डाग पडू नये म्हणून. पोरीच्या मनात काय चाललं होतं ते तिचं तिला ठाऊक. पण त्या दोन नखांकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली, एवढं मात्र खरं.

त्याचं नाव कुंदन. साड्या छापणाऱ्या मिलमध्ये रंग जुळवणं हे त्याचं काम. नमुन्याच्या चिंधीशी रंग तंतोतंत जुळला की सुट्टी. त्याची पहिली पाळी दुपारी सुटायची, आणि तिथून पुढे तो मोकळाच असायचा. निदान तो तसं म्हणाला.

मयुरी होती नाशिकची, शिकून आर्किटेक्ट झालेली. फेब्रुवारीत बंगळूरला नोकरी धरायची होती. कामगारांच्या वसाहती बांधणारं ते ऑफिस तिने स्वतः निवडलं होतं. त्याआधीचे दोन महिने ती उधन्याला रुपालीमावशीकडे आली होती, आजोबांची घरं शोधायला.

आजोबा म्हणजे रघुनाथ खैरनार. त्यांचे वडील धुडकूबाबा अमळनेरकडून सुरतेला लूमवर कामाला आले, आणि त्यांचा हा मुलगा बडोद्याला जाऊन आर्किटेक्ट झाला. बंगले काढून बक्कळ कमावता आलं असतं. पण या गृहस्थाने आयुष्यभर काढली ती लूमवाल्यांची दोन खोल्यांची घरं. तीही कधी एकटी नाही, नेहमी जोडीने. खानदेशात मातीच्या सपाट छताला धाबं म्हणतात, आणि एका धाब्यावरून दुसऱ्यावर अख्खी गल्ली चालत जाते. इथे सिमेंटच्या गच्च्या झाल्या, तरी आजोबांनी प्रत्येक जोडीच्या दोन गच्च्यांमधल्या भिंतीत एक बुटकं दार ठेवलं. त्याला कडी दोन्ही बाजूंनी. दोन्ही घरांनी काढली तरच ते दार उघडायचं.

पुढे फ्लॅट आले, दोन खोल्या कुणाला नकोशा झाल्या, आणि आजोबा मुलाकडे नाशिकला गेले. पेन्सिल पुन्हा हातात धरली नाही. सातव्या मजल्यावर बसून ते विचारायचे, "मयू, समोरच्या घरात कोण राहतं गं?" घरात कुणालाच ते माहीत नसायचं.

"तुम्हाला ती सगळी घरं बघायचीत?" कुंदनने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"चौदाच्या चौदा. कुणी राहतंय का, दारं अजून आहेत का... मला त्यांना नीट ओळखायचंय, कुंदनभाई. घरात होते तेव्हा ते कधी बोललेच नाहीत."

मग काय! दुपारी तीनच्या सुमाराला मावशीच्या दारात बाईक वाजायची. मयुरी मागे बसायची, मध्ये पिशवी ठेवून. एक घर पांडेसऱ्यात सापडलं, त्याच्या खाली मोबाईलचं दुकान झालं होतं. एकाच्या गच्चीवर भरतकामाचं मशीन धडधडत होतं. बऱ्याच ठिकाणी दार विटांनी बुजवलेलं असायचं. मयुरी त्या विटांवर हात ठेवून गप्प उभी राहायची, आणि कुंदन लांब जाऊन घरातल्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारत बसायचा. ती एकटी असावी म्हणून. हे त्याला कसं कळायचं, कोण जाणे.

आज निळा, उद्या हळदी... त्याच्या हातांवरून मिलमध्ये काय चाललंय ते तिला कळायला लागलं. मधली पिशवी एके दिवशी तिने खांद्यालाच ठेवली.

एका संध्याकाळी तापीच्या काठी दोघं पोंक खात उभे होते. हिरवा, कोवळा, नुकता भाजलेला हुरडा, वर शेव.

"कुंदन, लिंबू पिळ ना," ती म्हणाली.

तो थबकला. "भाई कुठे गेला?"

"कोण भाई?"

"कुंदनच्या मागे होता तो. सुरतेत तर भिकाऱ्यालाही भाई म्हणतात... मला एकट्याला का नाही?"

"पडला असेल रस्त्यात कुठेतरी."

"शोधायचा का?"

"राहू दे," मयुरी म्हणाली, आणि पोंकात नसलेला खडा निवडत बसली.

बारा घरं झाली. तेरावं सापडलं तेही भेस्तानलाच, अंजनाबाईंचं. अंजनाबाईंचे यजमान रेल्वेत होते, आता त्या एकट्याच असायच्या. बैठकीत बुद्धाची मूर्ती, समोर ताजी फुलं. तेरावं मिळालं म्हणजे त्याला चिकटून चौदावं असणारच. पण कुंदन जिन्यातच म्हणाला, "शेजारचं घर आपलं नाही हां. ते दुसऱ्याच कुणी बांधलंय. मालक धुळ्याला असतो. कुलूप असतं." आणि तो खालीच थांबला.

मयुरी अंजनाबाईंबरोबर वर गेली. दार होतं, शाबूत, तेलपाणी केलेलं.

"आमच्या गावात," अंजनाबाई त्या दारावर हात ठेवून म्हणाल्या, "आमचा वाडा गावाबाहेर होता, पोरी. आमच्या धाब्याला कुणाचं धाबं जोडलेलं नव्हतं. तुझ्या आजोबांना मी म्हटलं, साहेब, शेजारचे कडी काढतील का? ते म्हणाले, दार करणं माझं काम, कडी काढणं त्यांचं. पहिल्या पावसाळ्यात माझ्या पोराला ताप भरला, आणि हे दार पलीकडून वाजलं. कुंदनची आजी दूध घेऊन आली होती."

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

मयुरीने दाराच्या फटीतून पलीकडे पाहिलं. कुलूपबंद म्हणवणाऱ्या त्या घराच्या गच्चीवर दोरीला एक शर्ट वाळत होता. पोपटी डागांचा, पहिल्या दिवशीचा!

तिने तो शर्ट ओळखला. आधी राग आला. मग कळलं... आणि कळल्यावर राग कुठल्या कुठे गेला. चौदावं घर मिळालं की शोध संपणार होता, आणि शोध संपला की ती जाणार होती. तिलाही तेच नको होतं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "मी काही पाहिलं नाही."

"मी तरी कुठे काही बोलले?" अंजनाबाई हसल्या.

तिने ठरवलं, हे त्याने स्वतः सांगावं. तो सांगेपर्यंत वाट बघायची. आणि इथूनच तिचे हाल सुरू झाले.

उत्तरायण आली, सुरतेची पतंगांची संक्रांत. सगळं सुरत गच्च्यांवर लोटलं. कुंदन बोलावेल म्हणून ती सकाळपासून नवा ड्रेस घालून बसली. त्याचा फोन आला, "आज घरी पाहुणे आहेत... उद्या भेटू?" रुपालीमावशीच्या गच्चीवर ती उंधियूची ताटली घेऊन भेस्तानच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. त्या बाजूचं आकाश पतंगांनी भरलं होतं. त्यातला त्याचा कुठला, हे तिला कसं कळणार? इतक्या जवळ असून माणसाची इतकी आठवण येते, हे तिला नवीनच होतं.

आणि कुंदन? तो पठ्ठ्या नवीन घरं शोधून काढायला लागला! एकदा तिला थेट कडोदऱ्याला नेलं. चकचकीत टाइल्सचं, पाचेक वर्षांपूर्वीचं घर. आजोबांनी ते स्वप्नातसुद्धा बांधलं नसतं.

"हे असू शकतं... नाही?" तो छपराकडे बघत म्हणाला.

"असू शकतं," मयुरी गंभीरपणे म्हणाली. "माप घ्यायला हवं."

टेपचं एक टोक त्याने धरलं, एक तिने. भर उन्हात दोघांनी त्या परक्या माणसाचा पुढचा ओटा मोजला, मागचा मोजला, न्हाणीघर मोजलं. घरमालक तोंडात तंबाखू धरून बघत राहिला. हसू दाबताना मयुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यात सगळं हसूच नव्हतं.

परतताना तिने विचारलं, "कुंदन, तुला मला काही सांगायचंय?"

बाईकचा वेग कमी झाला. मग तो म्हणाला, "...उद्या हजीऱ्याकडे बघू एखादं."

असा जानेवारी संपला. सोमवारची गाडी होती. रविवारी दुपारी मयुरीने बॅग भरली आणि एकटीच रिक्षाने भेस्तानला गेली. अंजनाबाईंनी काही न विचारता जिन्याकडे बोट दाखवलं.

वर ऊन होतं, शांतता होती. तिने आपल्या बाजूची कडी काढली. मग दार वाजवलं.

पलीकडे पावलं आली आणि थांबली. किती तरी वेळ काहीच झालं नाही. मयुरीला वाटलं, गेला बहुतेक. ती वळणार इतक्यात कडी सरकली.

कुंदन दारात वाकून उभा होता. तिला बघून त्याचा चेहरा उतरला.

"तू... इथे?"

"चौदावं घर बघायला आले."

"कधी कळलं?"

"तुझा शर्ट वाळत होता."

तो हिशेब लावत राहिला. "म्हणजे उत्तरायणच्या आधी? मग कडोदरा? अगं, तू त्या माणसाचं न्हाणीघरसुद्धा मोजलंस!"

"टेपचं दुसरं टोक तुझ्या हातात होतं ना... म्हणून."

कुंदन मटकन उंबऱ्यातच बसला. मग ती पण अलीकडच्या बाजूला बसली. मध्ये ते बुटकं दार.

"घर दाखवलं असतं तर तू फोटो काढला असतास," तो म्हणाला, "थँक्यू म्हणाली असतीस, आणि गेली असतीस."

"उद्या जाणारच आहे."

"माहीत आहे."

"एकदा थांब म्हण ना."

त्याने मान हलवली. "नाही म्हणणार. मी म्हटलं तर तू थांबशील. मग कधीतरी, खूप दिवसांनी, तुला ते काम आठवेल आणि तू माझ्यावर रुसशील. आजोबांसारखी घरं बांधायला निघालेली मुलगी मी अडवली, असं मला नको. पण मला तू आवडतेस, मयुरी. फार आवडतेस. जा... आणि परत ये. एवढंच मागतो."

मयुरी रडत होती आणि ते लपवत नव्हती. "मला पण तू... दोन महिने झाले, मला दुसरं काही सुचत नाही. आणि नाही आले परत, तर?"

"तर मी येतो तिकडे. बंगळूरला साड्या रंगवत नाहीत का?"

तिला रडता रडता हसू आलं. त्याने हात पुढे केला. तिने तो धरला आणि दोघं तसेच बसून राहिले. उद्या या वेळी गाडी कुठवर गेली असेल, हे दोघांच्याही मनात होतं.

तेवढ्यात जिन्यातून त्याच्या आईचा आवाज आला.

"कुंदन, कोन शे रे वर?"

तो दचकला. मयुरीने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. त्याने सोडला नाही.

"मयुरी शे, माय."

खाली भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"मंग तिले खाले बलाव ना! कितला दिन तिले वर उभी ठेवशी?"

मयुरीने डोळे पुसले, ओढणी सावरली, वाकून उंबरा ओलांडला आणि त्याच्या मागोमाग जिना उतरू लागली.