पिवळी म्हैस आणि बर्फवाली

"थोडा बर्फ मिळेल का?"

बर्फाच्या कारखान्याच्या दारात उभं राहून कोणी असं विचारलं की मला हसू येतं. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती. दारातल्या तरुणाच्या केसांवर थेंब अडकले होते आणि उजवं मनगट टम्म फुगलं होतं.

"आम्ही लादीच्या खाली विकत नाही," मी म्हणाले.

"लादी चालेल. पण धरू कोणत्या हाताने?"

बोलणं सरळ होतं, डोळे मात्र सरळ नव्हते. मी त्याला एका उपड्या डब्यावर बसवलं, घमेल्यात बर्फाचा चुरा ओतला आणि त्याचा हात त्यात खुपसला. तो कळवळला नाही. नुसते ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत राहिला... मला ते का आवडलं, देव जाणे.

"कुठे धडपडलात?"

"म्हशीवरून."

मग मला उलगडा झाला. आमच्या खाडीच्या तोंडाशी, जिथे पाणी सगळ्यात जोरात धावतं, तिथे एक लांबलचक पिवळं धूड साखळ्यांनी बांधून तरंगत ठेवलं होतं. त्याच्या पोटाखाली दोन मोठे पंखे. भरतीचं पाणी आत शिरताना ते फिरत, ओहोटीचं पाणी बाहेर पडताना पुन्हा फिरत आणि त्यातून होणारी वीज समुद्राच्या तळावरच्या केबलने बंदरात येई. दिवसभर पाण्यात डुंबतं म्हणून बंदरातले लोक त्याला पिवळी म्हैस म्हणत. तिच्यापायी उन्हातान्हात राबणाऱ्या या इंजिनिअरला अर्थातच गुराखी.

"दूध देते का तुमची म्हैस?" मी विचारलं.

"भरपूर देते. गिऱ्हाईक नाही." त्याने घमेल्यात बोटं हलवून पाहिली. "भरती-ओहोटी बदलताना पाणी मध्येच थांबतं. दिवसातून चार वेळा. तेवढा वेळ म्हैस आटते. इस्पितळात गेलो, सूतगिरणीत गेलो... सगळे म्हणतात, थांबणारी वीज आम्हाला नको."

आणि नेमकी तेव्हाच आमच्या कारखान्याची वीज गेली. हे नेहमीचंच. कॉम्प्रेसर धापा टाकत थांबला. तो मात्र ताडकन उठला.

"आता? सगळं वितळणार?"

"बसा हो. लाद्या गोठवायची टाकी एकदा गार झाली की तास-दीड तासाने तिचं काही बिघडत नाही. बर्फ आहे, दूध नाही नासायला."

तो माझ्याकडे बघतच राहिला.

"पुन्हा म्हणा."

"काय? दूध नाही?"

"त्याच्या आधीचं."

बर्फाच्या बाबतीत माझ्याकडे असं कोणी कधी बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर कशाच्याच बाबतीत बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो बाबांसमोर येऊन बसला आणि त्याने काही म्हणता काही लपवलं नाही. यंत्राच्या तपासण्या झाल्या होत्या, वादळातही ते टिकलं होतं. पण मासेमारीचा मोसम संपायच्या आत वीज विकत घेणारं पहिलं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर कंपनी म्हैस ओढून नेणार होती आणि भंगारात काढणार होती.

"प्रयोग म्हणून सगळे पाठ थोपटतात," तो म्हणाला, "दुकान म्हणून कोणी पायरी चढत नाही."

बाबांनी चष्मा पुसला. "पाण्यात म्हैस, बाहेर मोल. असले सौदे मी करत नाही. पंधरवडाभर तिच्या विजेवर कारखाना चालवून दाखवा. अमावास्येच्या उधाणात पाणी उड्या मारतं, तेव्हा कोणीही नाचेल. पुढे अर्ध्या चंद्राच्या दिवसांत भांग येतो, पाणी मरगळतं. तेव्हा बघू. बर्फ बिघडला तर नुसते आम्ही नाही बुडत, अख्खं बंदर बुडतं. लोक आमच्या भरवशावर समुद्रात जातात."

"मान्य," तो म्हणाला. घासाघीस नाही, फुशारकी नाही. बाबांना माणूस आवडला हे मला कळलं, कारण त्यांनी चष्मा पुन्हा पुसला.

उधाणाचे दिवस सुरेख गेले. लाद्यांवर लाद्या निघत होत्या, काचेसारख्या स्वच्छ. अडचण एकच होती. पाणी धावत असलं की कॉम्प्रेसर चालू, म्हणजे मी कामात आणि तो मोकळा. पाणी थांबलं की मी मोकळी, पण म्हशीवर जायची वेळ तेवढीच, म्हणजे तो होडीत. एकदा पाणी सुटलं की तिच्यावर चढता येत नाही आणि उतरताही येत नाही. आमचं बोलणं व्हायचं ते कॉम्प्रेसरच्या गडगडाटात, एकमेकांच्या कानाशी ओरडून.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, डब्यांना गंज चढलाय!"

एवढ्या गोड गोष्टी आम्ही बोलायचो.

एके दिवशी मी निळा दुपट्टा घेतला होता. तो बराच वेळ घुटमळला, मग जवळ आला, घसा खाकरला आणि सगळं बळ एकवटून ओरडला. नेमक्या त्याच क्षणी पाणी थांबलं, कॉम्प्रेसर बंद पडला आणि शांत शेडमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं — "तुम्हाला निळा रंग फार शोभतो!"

मुकादमाने लादी खाली ठेवली. बाबांनी वर्तमानपत्र वर केलं. भरती-ओहोटी मिनिटामिनिटाने पाठ असलेला हा माणूस माझ्यासमोर पाणी थांबायची वेळच विसरला होता. बाहेर होडीवाले काका भोंगा वाजवून वाजवून दमले होते. तो कानापर्यंत लाल होऊन धावत सुटला, आणि मी उरलेला दिवस कामात चुका करत काढला.

मग भांग आला.

पाणी मरगळलं. पंखे फिरत होते, पण आळसावल्यासारखे. दिवसा-दोन दिवसांतच बर्फाला ते जाणवलं. सकाळी मी एक लादी बाहेर काढून बोटाने टकटक केलं आणि आवाजावरूनच समजले. लादी मधोमध पोकळ होती, आत अजून पाणीच होतं. दुपारी बोटी सुटणार होत्या.

तो शेजारीच उभा होता. त्यालाही आवाज कळला. मला वाटलं, चालेल म्हणावं... एवढंसं तर पोकळ आहे. माझ्या एका शब्दावर त्याची कितीतरी वर्षं अडकली होती, आणि माझंही काहीतरी अडकलं होतं. मी पुन्हा एकदा टकटक केलं.

तो गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने आमची जुनी विजेची लाईन चालू केली.

"पोकळ बर्फ घेऊन कोणी समुद्रात जायचं नाही," तो म्हणाला. "मासळी कुजली तर लोक म्हशीला नाही, तुम्हाला बोल लावतील."

आणि मान खाली घालून निघून गेला. त्याच्या प्रेमात मी कदाचित आधीच पडले असेन, पण मनाशी कबूल केलं ते त्या सकाळी. हरताना इतका सरळ वागणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

पण हातावर हात ठेवून बसणं माझ्या स्वभावात नाही. मी रिकाम्या शेडमध्ये येरझाऱ्या घालत राहिले. उधाणाच्या दिवसांत लाद्या ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून वीज असूनही आम्ही रात्री कॉम्प्रेसर बंद ठेवला होता. म्हणजे म्हैस दूध देत होती आणि आम्ही चरवी उपडी घालून बसलो होतो. कारखान्यामागे जाड भिंतींचं जुनं शीतगोदाम कित्येक वर्षं कुलपात पडलं होतं.

मी धावतच धक्क्यावर गेले. तो सामान बांधत होता.

"वीज साठवता येत नाही म्हणून रडता ना?" मी धापा टाकत म्हणाले. "मी जन्मभर दुसरं काय करतेय? लादी म्हणजे गोठवलेली वीजच की. उधाणात साठवू, भांगात खाऊ."

त्याच्या हातातली दोरी गळून पडली.

"मी तासांचा हिशोब करत बसलो," तो हळूच म्हणाला. "पंधरवड्याचा विचार मनात आलाच नाही. तुम्ही... तुम्ही कमाल आहात."

या वेळी कॉम्प्रेसर चालू नव्हता, तरी त्याने ते कानाशी येऊन सांगितलं.

बाबांनी आणखी एक पंधरवडा दिला. मोसमाचाही तेवढाच उरला होता. गोदाम झाडलं, दारं सांधली, उधाणभर लाद्या रचल्या. भांग आला, पाणी मरगळलं, आणि आम्ही गोदाम उघडलं. जुन्या लाईनला कोणी हात लावला नाही. बोटी ठणठणीत बर्फ घेऊन गेल्या. परतल्यावर मासळीबद्दल एकानेही तक्रार केली नाही, आणि आमच्या बंदरात याहून मोठं कौतुक नसतं.

बाबांनी करारावर सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. "आता म्हैस बघून ये. न बघता मोल करायचं नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "गुराखीही नीट बघून घे."

होडीवाल्या काकांनी मला म्हशीच्या पिवळ्या पाठीवर उतरवलं तेव्हा पाणी अगदी थांबलेलं होतं. इतकी शांत खाडी मी कधी पाहिली नव्हती. ते अवाढव्य यंत्र पायाखाली गप्प पहुडलं होतं. एवढ्या धावत्या पाण्याला या माणसाने कामाला लावलंय, या विचाराने मला त्याचा अभिमान वाटला, जणू तो माझाच कोणी होता.

त्याने करार वाचला आणि तिथेच खाली बसला.

"चढलात शेवटी दुकानाची पायरी," तो म्हणाला.

"अट आहे. गुराखी सोबत हवा."

"म्हशीच्या देखभालीला?"

"तिच्याही."

तो हसला, मग गंभीर झाला. "एक सांगू? त्या पहिल्या दिवशी बर्फ काकांच्या होडीतही होता. रोज इकडे येताना तुम्ही कारखान्याच्या दारात दिसायचात... हात मुरगळला तेव्हा पहिला विचार आला, चला, निमित्त मिळालं. माझं तुमच्यावर तेव्हापासून प्रेम आहे."

"आणि माझं तुझ्यावर त्या पोकळ लादीपासून," मी म्हणाले.

पायाखाली साखळ्या ताणल्या. पाणी सुटलं होतं. पोटाखालचे पंखे हळूहळू फिरू लागले आणि दूर बंदरात आमच्या कारखान्याच्या छपरावरचा दिवा लागला. बाबांनी कॉम्प्रेसर चालू केला होता.

तो एकदम दचकला. "अगं, होडी कुठेय?"

"काकांना मीच परत जा म्हणाले."

"पण आता पाणी थांबेपर्यंत इथून कोणाला जाता येणार नाही."

"वेळ बघूनच आलेय," मी म्हणाले. "सरक जरा, बसू दे."