भिंतीकडे तोंड केलेला खोका

तो दुकानात शिरला तो टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून, आजारी मांजर दवाखान्यात न्यावं तसा. काउंटरवर त्यानं ते अलगद ठेवलं, टॉवेलची टोकं उलगडली आणि दुकानभर जळक्या प्लास्टिकचा वास पसरला.

"हा गेला," तो म्हणाला. "सकाळी जरा धूर आला, मग टप् असा आवाज, आणि मग... काहीच नाही."

काउंटरवर पडला होता तो बोटीच्या बॅटऱ्यांचा चार्जर. तो बरोबर जागी आला होता, कारण धक्क्याच्या टोकाशी असलेलं हे दुकान बोटींच्या विजेच्या सामानाचंच होतं. पूर्वी ते तिच्या बाबांचं होतं. बाबांचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हापासून ती ते चालवायची, आणि बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत शब्दकोडी सोडवत बसायचे, कान मात्र काउंटरकडे ठेवून. धक्क्यावरचे सगळे, तिच्या दुप्पट वयाचे खलाशीसुद्धा, तिला ताई म्हणत. हा नवखा म्हणाला नाही. हे तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं म्हणून तिला स्वतःचाच जरा राग आला.

तिनं स्क्रू काढून चार्जर उघडला आणि बघतच राहिली. आतल्या पंख्याच्या पात्यांत कापूस अडकला होता. पांढराशुभ्र कापूस, कडांनी करपलेला.

"यात कापूस कुणी भरला?"

त्याचे कान लाल झाले. "आत नाही भरला... भोवती भरला होता. आवाज येऊ नये म्हणून."

मग हळूहळू सगळी हकिकत बाहेर आली. तो दातांचा डॉक्टर होता आणि बोट हाच त्याचा दवाखाना. नदीच्या वरच्या अंगाला, जिथे धड रस्ते नाहीत, तिथे तो गावोगाव काठाला बोट लावायचा. खुर्ची, दिवा, ड्रिल, सगळं दोन बॅटऱ्यांवर चालायचं, आणि काठावरच्या विजेवर चार्जर त्या बॅटऱ्या भरत राहायचा. चार्जर होता नेमका खुर्चीखालच्या कपाटात. त्याचा पंखा घूं करायला लागला की खुर्चीतल्या माणसाला वाटायचं ड्रिलच सुरू झालं, आणि तो तोंड घट्ट मिटायचा. एकानं तर डॉक्टरचं बोटच चावलं. तेव्हा यानं कपाटात कापसाचे गठ्ठे ठासले. आवाज बंद झाला, आणि हवाही.

"गुदमरवून मारलंत तुम्ही बिचाऱ्याला," ती म्हणाली.

"मला वाटलं, पांघरूण घालतोय."

बाबांच्या खुर्चीतून खोकल्यासारखा आवाज आला. तो खोकला नव्हता.

दुपारी ती मीटर घेऊन बोटीवर गेली. बॅटऱ्या वर्षभरापूर्वीच्याच, तब्येतीनं ठणठणीत. दोन तासांच्या तपासणीत सगळं स्पष्ट झालं. या बोटीला बिनपंख्याचा चार्जर हवा होता, खुर्चीपासून दूर, भिंतीवर उभा लावायचा, चारी बाजूंना वीतभर मोकळी जागा सोडून. तसा एकच चार्जर दुकानात होता, वरच्या फळीवर, निळ्या खोक्यात.

"चार्जर मिळाला की मी निघालोच," तो म्हणाला. "वरच्या गावांत लोक वाट बघतायत."

त्याचं हे बोलणं तिला का टोचलं, कुणास ठाऊक. ती त्याच्या पुढे झपाझप चालत दुकानात आली, स्टुलावर चढली आणि तिनं निळ्या खोक्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. आता त्यावर काय लिहिलंय ते कुणाला दिसलं नसतं. बाबांनी कोड्यातून मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

बाबांची एक जुनी पद्धत होती. बॅटऱ्या म्हाताऱ्या असतील, त्यांचा भरवसा नसेल, तर चार्जर लगेच द्यायचा नाही. दुकानातल्या ढकलगाडीवरच्या मोठ्या चार्जरनं त्या एकदा पूर्ण भरायच्या, मग आठवडाभर सकाळ-संध्याकाळ व्होल्ट मोजून वहीत लिहायचे. बॅटरीचा स्वभाव कळला की मग चार्जर निवडायचा. म्हाताऱ्या बॅटऱ्यांची ही पद्धत तिनं त्याला सगळ्याच बॅटऱ्यांची असल्यासारखी सांगितली, आणि एक कोरी वही त्याच्या हातात ठेवली.

"आठवडाभर?" त्यानं विचारलं.

"घाई केली की चुकीचा चार्जर बसतो," ती त्याच्या नजरेला नजर न देता म्हणाली.

आकडे फोनवर सांगितले असते तरी चाललं असतं. पण तो रोज दोनदा वही घेऊन यायचा. बारा पूर्णांक सात, बारा पूर्णांक सात... बॅटऱ्या मुळी हलायलाच तयार नव्हत्या. ती मात्र गंभीर चेहऱ्यानं आकडे वाचायची आणि "बघू या उद्या" म्हणायची. तिसऱ्या दिवशी झिमझिम पाऊस होता. वही भिजू नये म्हणून त्यानं ती शर्टाच्या आत घातली होती, आणि तिच्या हातात आली तेव्हा ती उबदार होती. त्या दिवशी तिला आकडे दोनदा वाचावे लागले.

"एक विचारू?" तो ओले केस पुसत म्हणाला. "तुम्ही डाव्या बाजूनं चावत नाही. बिस्किटसुद्धा उजव्याच गालात ठेवता."

"तुम्ही माझ्याकडे बघता की माझ्या दातांकडे?"

"दात तुमच्याकडेच आहेत ना... मग दोन्हीकडे बघावं लागतं."

तिची डावी दाढ चार महिने ठणकत होती आणि ड्रिलच्या नुसत्या आवाजाला ती घाबरायची, हे तिनं बाबांनाही सांगितलं नव्हतं. त्याला सांगून टाकलं. तो हसला नाही. घाबरण्यासारखंच असतं ते, मीही घाबरतो, असं म्हणाला, आणि तिला तो फार आवडला. आता स्वतःपासून लपवण्यात काही अर्थ राहिला नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी तो वही न उघडताच काउंटरशी उभा राहिला. वरच्या गावातून फोन आला होता. एका आजींचा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता, आणि तिथून जवळचा दवाखानाही दिवसभराच्या वाटेवर. तो आत्ताच निघणार होता. भरलेल्या बॅटऱ्यांवर एक दिवस काम होईल, आजींचं बघता येईल. बाकीच्या चाळीस-एक जणांना सांगावं लागेल की महिनाभर कळ काढा.

"तुमचा आठवडा पुरा होत नाहीये," तो म्हणाला. "तुम्ही एवढ्या मनापासून बघत होतात. माफ करा मला."

तो तिची माफी मागत होता. तिला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. ती स्टुलावर चढली, निळा खोका खाली काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"हा तुमचा चार्जर. पहिल्या दिवशीच मला कळलं होतं."

त्यानं खोक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आणि वही?"

"वहीची गरज नव्हती. तुम्ही जाल म्हणून..." पुढे तिला बोलता येईना, पण अर्धवट सोडणंही बरं दिसेना. "तुम्ही रोज यावंत असं वाटत होतं. म्हणून खोटं बोलले. त्या आजी तुमची वाट बघत असतील हे माझ्या डोक्यातही आलं नाही."

त्यानं निळा खोका उचलला. "बसवायला किती वेळ लागेल?" एवढंच त्यानं विचारलं.

तासाभरात तिनं तो भिंतीवर उभा बसवला, चारी बाजूंना वीत मोजून. प्लग लावला. हिरवा दिवा लागला, आवाज कसलाच नाही. बोटीवरची ती शांतता तिला सहन होईना. तो आभार मानून, इंजिन सुरू करून गेला. वही परत द्यायला तो विसरला, आणि मागायची तिला हिंमत झाली नाही.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. बाबांनी तिला एका शब्दानं छेडलं नाही. एकदाच, कोड्यातून डोकं न काढता, ते म्हणाले, "खोका फिरवलास ते चुकलं. पण परत सरळ केलास ना, बाळा." त्यावर तिला मागच्या खोलीत जाऊन डोळे पुसावे लागले.

अठराव्या दिवशी दुपारी काउंटरवर ती वही येऊन पडली. तिनं वर पाहिलं. तो उन्हानं रापला होता आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"नोंदी पुऱ्या केल्यात," तो म्हणाला. "कोऱ्या पानांची वही परत कशी द्यायची?"

तिनं पानं उलटली. सकाळ-संध्याकाळ, एकही नोंद चुकली नव्हती.

*सकाळ, १२.७. आजींच्या गालाची सूज उतरतेय. मला शिव्या देण्याइतकं बरं वाटतंय त्यांना.*

*संध्याकाळ, १२.५. अकरा जण झाले. एकानंही तोंड मिटलं नाही. चार्जर गप्प आहे. मीही.*

*सकाळ, १२.७. अजून राग आहे.*

*संध्याकाळ, १२.६. थोडा.*

*सकाळ, १२.७. राग शोधला. सापडला नाही.*

त्यापुढची पानं तिला धूसर दिसायला लागली, म्हणून तिनं वही मिटली.

"दाढ दाखवायची राहिलीय तुमची," तो म्हणाला. "चला. आता आवाज येत नाही."

ती गेली. खुर्चीत आडवी झाली, हात मुठीत आवळून. त्यानं दिवा वळवला, तोंड उघडायला सांगितलं, आरसा आत घातला, दोन्ही गालांत कापूस ठेवला. तिला आता हूं की चूं करता येत नव्हतं, आणि त्यानं नेमकी तीच वेळ साधली.

"कीड खोल नाही... हलू नका. वर जाताना मी ठरवलं होतं, हिच्याकडे पुन्हा यायचं नाही. मग आजींनी विचारलं, इतका बिनआवाजाचा दवाखाना कुणी करून दिला? मी सांगायला लागलो, तर अर्धा तास तुमच्याबद्दलच बोलत होतो. मला तुम्ही आवडता. फार. खोटं बोललात तरी. तुम्हालाही मी अजून आवडतो का?... तोंड उघडं ठेवा."

तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळलं. दुखतंय का, त्यानं घाबरून विचारलं. तिनं नाही अशी मान हलवली, हात वर केला आणि त्याची बाही घट्ट धरून ठेवली. दाढ भरून होईपर्यंत सोडली नाही. कापूस निघाल्यावर, अर्ध्या बधिर ओठांनी तिचे पहिले शब्द होते, "हे दोन्ही गालांत कापूस भरून विचारणं योग्य नाही हं."

"आवाज येऊ नये म्हणून," तो म्हणाला.

"माझं उत्तर हो आहे. आणि यापुढे खोटं नाही. कधीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात आला. केबिनच्या दिव्याचा फ्यूज उडाला होता, साधा, बोटाएवढा. पुढच्या फेरीला अजून पंधरा दिवस होते आणि ती मागे माल मोजत होती, म्हणून काउंटरवर बाबा होते. बाबांनी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग गुडघ्यावर हात टेकत ते उठले, मागच्या फळीवरची फ्यूजची डबी उचलली आणि तिचं तोंड भिंतीकडे करून परत ठेवली.

"संपलेत," ते म्हणाले. "चार-पाच दिवस लागतील. रोज येऊन विचारून जा."

"बाबा," ती दारातून म्हणाली, "तुम्ही खोटं बोलताय."

"शब्द तू दिलायस," बाबा खुर्चीकडे परतत म्हणाले. "मी कुठे दिलाय?"