पाइप चालला पाहिजे

"आवाज चोरीला गेलाय," ससुलीने जाहीर केलं.

सुट्टीचा पहिलाच दिवस होता आणि मावशीच्या स्वयंपाकघरात अजून दुधाचे पेलेही विसळून झाले नव्हते. ससुलीच्या धाकट्या भावाने घाबरून आधी स्वतःच्या कानांना हात लावून पाहिला. ती जाईल तिथे तो मागोमाग जायचा, म्हणून घरीदारी सगळे त्याला शेपूट म्हणत. समोर बसलेला शेजारचा मुलगा मात्र जागचा हलला नाही. तो वकील. 'आज ऊन आहे' एवढं म्हटलं तरी त्याला पुरावा लागायचा.

"कुठला आवाज? कोणी चोरला? आणि चोरीलाच गेला कशावरून?" त्याने एका दमात विचारलं.

ससुलीचे कान सशासारखे तिखट, म्हणून तर तिला ससुली नाव पडलेलं. मागच्या सुट्टीत तिला रोज सकाळी एका आवाजाने जाग यायची. कुंईं... मग थोडं थांबून पुन्हा कुंईं. जणू कोणी आजोबा कुरकुरत आळस देताहेत. खिडकीबाहेरच्या जाड पाइपाकडून तो आवाज यायचा. आज ती डोळे मिटून त्याची वाट बघत पडली होती, आणि खिडकीपाशी तो आलाच नाही.

"मावशी, तुझा पाइप कुरकुरायचा थांबला का गं?"

मावशी प्लास्टरमधला पाय स्टुलावर टाकून बसली होती. "कुरकुरायचा? माझा पाइप? मी तरी कधी ऐकला नाही. असेल एखादं पाखरू."

बॉयलरशेजारी अर्धं आयुष्य गेल्यामुळे मावशीला बारीक आवाज ऐकू येत नसत, आणि हे ती कोणापाशी कबूलही करत नसे. पण एरवी तिने निदान पाखराची नक्कल करून दाखवली असती. आज तिने नुसता चहाचा कप फिरवला, प्यायली नाहीच. मावशीने चहा गार होऊ दिला म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मावशी ज्या धुलाई कारखान्यात फिटर होती, तिथे मोठ्या इस्पितळाच्या चादरी धुऊन इस्त्री होत. बॉयलरमधून निघालेली वाफ एका लांबलचक पाइपातून अंगण ओलांडून, कर्मचाऱ्यांच्या घरांना वळसा घालून इस्त्रीच्या दालनात जायची. लोखंड तापलं की लांब होतं, हे ससुलीला शाळेत शिकवलं होतं. पण सकाळी वाफ सोडली की हा सबंध पाइप वीतभर लांब होतो, हे काही पुस्तकात नव्हतं. त्याला जागच्या जागी करकचून बांधलं तर तो बिचारा जाणार कुठे? वाकणार, नाहीतर जोड फोडून वाफ सोडणार. पूर्वी तसंच व्हायचं.

म्हणून मावशीने त्याच्यासाठी पाळणे बनवले होते. खाली छोटी लोखंडी चाकं आणि दोन्ही बाजूंना गालासारख्या पट्ट्या. पाइपाने पुढेमागे खुशाल सरकावं, पण इकडेतिकडे भरकटायचं नाही. आणि टोकाला तिने बसवली होती बाही. हात जसा बाहीत शिरतो, तसं पाइपाचं टोक एका रुंद नळीत आतबाहेर सरकायचं, आणि फटीतून वाफ निसटू नये म्हणून काळ्या दोरीच्या पॅकिंगच्या कड्या ठासून भरलेल्या असायच्या. पहिला नमुना तिने शिवणाच्या रिकाम्या रिळांचा केला होता. तो अजून फडताळात होता आणि त्याला हात लावायची कोणालाही मुभा नव्हती.

दोन वर्षं थेंबभर वाफ गळली नाही. पण मावशीचा गुडघा मोडला, ती महिनाभर इस्पितळात राहिली, आणि तेवढ्यात बाही गळायला लागली. पॅकिंग बदललं की दोन दिवस बरं, मग पुन्हा फुस्स. इस्त्री झालेल्या चादरींवर गंजाचे डाग पडायला लागले आणि इस्पितळाकडून तक्रारी आल्या.

"उद्या मालकीणबाई येणार आहेत," मावशी म्हणाली. "पाळणे काढून भंगारात घालायचे आणि पाइप पुन्हा पहिल्यासारखा घट्ट बांधायचा, असं घाटतंय. मला शिडी चढता येत असती तर एकदा वर जाऊन पाहिलं तरी असतं."

एवढं बोलून तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. ससुलीने मावशीला तापात पाहिलं होतं, रागात पाहिलं होतं. पण असं गप्प झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

"चला," ती दोघा मुलांना म्हणाली.

"कुठे आणि का?" वकील विचारू लागला, पण शेपूट उठून दारात पोचलंही होतं, तेव्हा त्याचा नाइलाज झाला.

कारखान्याच्या मागच्या अंगणात मदतनीस दादा काढून टाकलेल्या पॅकिंगच्या कड्या एका बादलीत टाकत होता. मावशी नसताना पॅकिंग बदलायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं होतं आणि त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. शेपटाने लगेच एक खुंटी रोवली आणि कड्या फेकायचा खेळ सुरू केला. एकही कडी खुंटीत पडेना. प्रत्येक कडी हवेत कलंडायची आणि डावीकडे जायची.

"तुझा नेमच तिरका आहे," वकील म्हणाला आणि त्याने स्वतः फेकली. तीही डावीकडेच गेली. मग तो म्हणाला की वारा आहे. वारा नव्हता.

ससुलीने एक कडी उचलून बोटांत फिरवली. एका बाजूला ती अंगठ्याएवढी जाड होती आणि दुसऱ्या बाजूला पार झिजून पापुद्रा झाली होती. तिने दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्यांची तीच गत. दादाने सांगितलं की प्रत्येक वेळी झीज एकाच बाजूला असते, भिंतीकडच्या. त्याला वाटलं होतं, मालच खराब येतोय.

"माल खराब असता तर सगळीकडून झिजला असता," वकील म्हणाला. वाद घालायला खरा मुद्दा सापडल्यामुळे त्याचे डोळे चमकले. "कोणीतरी पाइपाला भिंतीकडे ढकलतंय."

"वीतभर जाड, उकळत्या वाफेचा पाइप? कोण ढकलणार? तुझी आई?"

ससुली असं म्हणतेय तोच धाडकन आवाज झाला. शेपूट चादरींच्या ढकलगाडीत बसून उतारावरून निघालं होतं आणि सरळ भिंतीवर आपटलं होतं. चादरींच्या ढिगातून त्याचं डोकं वर आलं. "मी सरळच जात होतो," ते कुरकुरलं. "गाडीच तिकडे वळली."

ससुलीने गाडी उलटी केली. पुढच्या एका चाकात चिंधी गुंडाळली गेली होती. ते चाक फिरत नव्हतं, म्हणून गाडी त्या बाजूला ओढ खात होती.

ती बराच वेळ चाकाकडे बघत राहिली. मग वर पाइपाकडे बघितलं. "चाकं फिरली तर आवाज होणार," ती हळूच म्हणाली. "आणि आवाज येत नाही, म्हणजे..."

यावेळी वकिलाने कशावरून असं विचारलं नाही.

संध्याकाळी बॉयलर विझला आणि पाइप पुरता गार झाला, तेव्हा तिघांनी दादाला पटवलं. तोही त्या पॅकिंगला विटलाच होता. मुलं शिडी धरून उभी राहिली आणि दादाने प्रत्येक पाळण्यावर खडूने एक रेघ ओढली. निम्मी पाइपावर, निम्मी पाळण्याच्या पट्टीवर. पाइप सरकला तर रेघ मधोमध तुटणार. सरकला नाही तर अखंड राहणार.

शेवटच्या पाळण्यापाशी दादा थबकला. याला पत्र्याचं नवंकोरं झाकण होतं. बाकी कुठल्याच पाळण्याला नव्हतं. धूळ जाऊ नये म्हणून साहेबांनी बसवलं असेल, असं म्हणून त्याने झाकणावर दिसणाऱ्या पट्टीवरून पाइपापर्यंत रेघ ओढली आणि तो खाली उतरला.

वकील शिडी धरायचा विसरला होता. तो समोरच्या खिडकीकडे बघत होता. ती त्याच्याच घराची खिडकी होती, आणि आत पाळण्यात त्याची दोन महिन्यांची बहीण झोपली होती. कारखान्याचे साहेब म्हणजे वकिलाचे बाबा.

"आवाजाने ती रोज पहाटे किंचाळत उठायची," तो म्हणाला. "आई रडकुंडीला आली होती. मग एके दिवशी आवाज बंद झाला. मला वाटलं, बाळाला सवय झाली."

शेपटाने हळूच त्याचा हात धरला.

"तू सांगू नकोस," शेवटी ससुली म्हणाली. "मी सांगते."

"नाही. माझे बाबा आहेत, मी विचारेन. ते खोटं बोलत नाहीत. त्यांना नुसतं नीट विचारावं लागतं."

सकाळी मालकीणबाई आल्या तेव्हा अंगणात वेगळंच नाट्य चाललं होतं. साहेब हातात ओलं फडकं घेऊन शिडी शोधत होते, कारण बाई यायच्या दिवशीच कोणा कार्ट्यांनी पाइपावर खडू फासला होता. दादा शिडी कुठे ठेवली ते आठवत नसल्याचं सोंग छान वठवत होता. आडव्या ठेवलेल्या शिडीवरच शेपूट बसलं होतं आणि वर चादर पांघरलेली होती. मावशी कुबड्या टेकत आली आणि सगळ्यांपासून दूर, खांबाला टेकून उभी राहिली.

वाफ सुटली. पाइप तापू लागला. आणि ससुलीला दुरून ऐकू आलं, बॉयलरच्या बाजूने: कुंईं. मग जरा जवळ: कुंईं. शेवटच्या पाळण्यापाशी काहीच नाही. थोड्या वेळाने बाहीतून फुस्स झालं आणि मालकीणबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"बघितलंत?" साहेब खेदाने म्हणाले. "फिटरबाईंनी कष्ट केले, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण उपयोग नाही."

"बाबा, एक विचारू?" वकील पुढे झाला. "पाइप चालतोय का?"

"चालतोय की. वाफ जातेय, इस्त्र्या सुरू आहेत. फिटरबाई इस्पितळातून रोज फोन करून हेच विचारायच्या, पाइप चालतोय ना, आणि मी रोज सांगायचो, मस्त चालतोय."

"मग इथली रेघ का नाही तुटली?"

साहेबांनी वर पाहिलं. बाकी प्रत्येक पाळण्यावर खडूची रेघ मधे तुटून एक तुकडा पुढे सरकला होता. शेवटच्यावर ती होती तशीच होती, शाळेत आखावी तशी सरळ. मालकीणबाईही मान उंच करून बघायला लागल्या. वकील आणखी एक पाऊल पुढे सरकला.

"बाबा, त्या झाकणाच्या आत काय आहे?"

साहेबांनी आपल्या खिडकीकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि मग ते सरळ मावशीकडे वळले. "रबराचा तुकडा. एका बाजूच्या चाकाखाली. मीच ठोकला," ते म्हणाले. "बाळ झोपत नव्हतं हो. फिटरबाई, मला वाटलं, पाइप कुठे जायचाय? तो चालला म्हणजे झालं. चालणं म्हणजे तुमच्या मनात हे पुढेमागे चालणं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

आता मावशी चिडणार, म्हणून ससुलीने कान झाकायची तयारी केली. तिची जीभ सगळ्या कारखान्याला ठाऊक होती. पण मावशी कुबड्या टेकत पुढे आली आणि तिने विचारलं, "एवढा आवाज यायचा? बाळ उठण्याएवढा?"

"रोज," साहेब म्हणाले.

"मला तो कधी ऐकूच आला नाही," मावशी म्हणाली. सगळ्यांसमोर, मोठ्याने. "ऐकू आला असता तर मीच काहीतरी केलं असतं. आणि ऐकू येत नाही हे सांगितलं असतं, तर तुम्हीही येऊन बोलला असतात. तेव्हा साहेब, निम्मा दोष माझ्याकडे."

वाफ बंद करून पाइप गार होऊ दिला. शेपूट शिडीवरून उठवलं गेलं, दादाने झाकण उघडून चपटा झालेला रबराचा तुकडा काढला आणि बाहीत नवं पॅकिंग भरलं. चाकांना तेल घालावं असं साहेबांनी सुचवलं. मावशी म्हणाली की एवढ्या उष्णतेत तेल जळून जाईल, इथे शिसपेन्सिलीच्या शिशासारखी काळी पूड लागते. शेपटाने ताबडतोब दप्तरातल्या सगळ्या पेन्सिली आणून दिल्या, कारण पेन्सिली नसल्या तर सुट्टीचा अभ्यास करायची सोय राहत नव्हती. मावशीने त्या परत दिल्या. पूड तिच्या कपाटात डबाभर होती.

दुपारी पुन्हा वाफ सोडली. बाहीतून इवलीशीही वाफ आली नाही. शेवटच्या पाळण्यावरची रेघ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मधे तुटली आणि वरचा तुकडा सावकाश पुढे निघाला, गोगलगायीसारखा. खिडकीतून बाळाचा काही आवाज आला नाही.

मालकीणबाईंनी मुलांना जवळ बोलावलं. पाळणे भंगारात जाणार नाहीत, उलट दुसऱ्या पाइपालाही बसवायचे, असं त्यांनी सांगितलं. आणि खडूच्या रेघेऐवजी प्रत्येक पाळण्यावर रंगवलेला काटा बसवायचा, म्हणजे पाइप चालतोय की नाही हे खालून कोणालाही दिसेल. "कानाने नाही ऐकलं तरी डोळ्यांना कळेल," त्या म्हणाल्या, आणि मावशीकडे मुद्दाम बघितलं नाही. "रेघेची युक्ती कोणाची?"

ससुलीने वकिलाकडे बोट दाखवलं. वकिलाने ससुलीकडे. शेपटाने छाती पुढे काढून सांगितलं की भिंतीवर आपटलो ते मी.

साहेबांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "नीट विचारलंस," एवढंच म्हणाले.

बॉयलरशेजारच्या पहिल्या पाळण्याला, जो बाळाच्या खिडकीपासून सगळ्यात लांब होता, मावशीने पूड घातली नाही. का, असं कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ससुली डोळे मिटून पडली होती, तेव्हा फार लांबून तो आवाज आला: कुंईं. ती अंथरुणातून उठून स्वयंपाकघरात गेली. मावशी वाफाळता चहा पीत होती.

"काय गं," मावशीने विचारलं, "चालतोय का?"

"चालतोय," ससुली म्हणाली. "पायांनी."